कोकणातून बोटीने परदेशी: पॅकबंद खाद्यपदार्थ आणि बाटलीबंद पेयं पाठवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले लहान प्रक्रिया उद्योग, महिला बचत गट आणि आंबा-काजू बागायतदार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न कागदपत्रांचा असतो. कागद लागतातच, पण ते जाणकार माणसाकडून करून घेता येतात. माल मात्र बंदरावर कुणी सुधारून देत नाही. बाटली भरताना, बूच निवडताना आणि लेबल छापताना जे केलं असेल तेच तिकडच्या दुकानात पोहोचतं. म्हणून या पानावर कागदांपेक्षा मालाबद्दल जास्त लिहिलं आहे.

घराजवळ जयगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला अशी बंदरं असताना माल न्हावा शेवालाच का न्यायचा?

कारण पॅकबंद माल कंटेनरमधून जातो आणि ठरलेल्या वेळापत्रकाने परदेशी जाणाऱ्या कंटेनरच्या बोटी न्हावा शेवाला लागतात. दाभोळ आणि चौलहून एके काळी अरबस्तान, इराणपर्यंत व्यापार चाले, वेंगुर्ल्यात 17व्या शतकात डचांची वखार होती. पण आजचं जयगड प्रामुख्याने कोळशासारख्या सुट्या मालाचं बंदर आहे. न्हावा शेवाचं, म्हणजे उरण तालुक्यातलं जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झालं आणि पश्चिम किनाऱ्यावरचा कंटेनरचा मोठा व्यवहार तिथे आला. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्याचं मुरगाव जवळ पडतं, पण तिथे बोटींचे पर्याय कमी. त्यामुळे रस्त्याचं भाडं वाचलं तरी वेळ आणि बोटीचं भाडं यात ते परत जाऊ शकतं. दोन्ही दर मागवून बघा.

विमानाने पाठवलं तर?

नमुने विमानाने, व्यापार बोटीने. काचेच्या बाटलीतलं सरबत विमानाने पाठवलं तर भाडं मालाच्या किमतीच्या वर जातं. वीस-पंचवीस किलोचं पार्सल असेल तर पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातून पाठवता येतं. नवशिक्यांना सराव म्हणून ते चांगलं आहे.

कोणते परवाने लागतात?

विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. पॅन क्रमांकावर ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती ऑनलाइन पक्की करावी लागते. ते राहिलं तर कोड बंद पडतो आणि हे नेमकं माल बंदरावर उभा असताना कळतं.

एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना. घरगुती उद्योगाची साधी नोंदणी स्थानिक विक्रीला पुरते, निर्यातीला नाही. बचत गटांची अडचण इथेच होते. गटाने स्वतः केंद्रीय परवाना काढायचा की परवाना असलेल्या निर्यातदाराला माल द्यायचा, हे आधी ठरवा. पहिली एक-दोन वर्षं दुसरा मार्ग धरण्यात कमीपणा नाही.

लोणची, पापड, चटण्या, फळांचे पदार्थ, मध, गूळ, मद्य आणि मद्याशिवायची पेयं अपेडाच्या (शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) यादीत येतात, त्यामुळे अपेडाचं नोंदणी प्रमाणपत्र घ्या. मसाल्यांसाठी कोचीचं मसाला मंडळ. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) कस्टम्सच्या प्रणालीत नोंदवून घ्या. जीएसटी न भरता निर्यात करायची तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (हमीपत्र) भरावा लागतो. मालाचं वर्गीकरणही आधीच ठरवा: भारताच्या जकात सूचीत पापड 1905 खाली येतो आणि सरबत 2106 खाली. चुकीचा आकडा टाकला तर परतावा अडकतो, तिकडे जकातही वेगळी लागू शकते.

मुलगी न्यू जर्सीला आहे. तिच्यासाठी घरचं लोणचं आणि मेतकूट पाठवायचं, त्यालाही एवढं सगळं लागतं का?

नाही. घरी केलेला पदार्थ एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवला तर अमेरिकेच्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) पूर्वसूचना द्यावी लागत नाही. मात्र तांदूळ घालू नका. खाप्रा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीने भारतातून घरगुती प्रमाणात तांदूळ न्यायला अमेरिकेत बंदी आहे. दुकानातला पॅकबंद माल त्याच पार्सलमध्ये घातला तर ही सूट त्याला लागू होत नाही.

व्यापारी माल अमेरिकेला पाठवायचा तर वेगळं काय?

2002 च्या जैवदहशतवाद कायद्यानुसार, जिथे पदार्थ तयार होतो, भरला जातो किंवा साठवला जातो त्या जागेची एफडीएकडे नोंदणी लागते. तिला फी नाही, पण अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी नेमावा लागतो. सम इसवी सनाच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नोंदणीचं नूतनीकरण होतं. बोट पोहोचण्याच्या किमान 8 तास आधी पूर्वसूचना गेलेली असावी लागते. शिवाय 2011 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिकडच्या आयातदारावरही परदेशी पुरवठादाराची तपासणी करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे तो तुमच्याकडे धोके आणि नियंत्रणाचा आराखडा, चाचणी अहवाल, स्वच्छतेच्या नोंदी मागेल. त्याला वाईट वाटून घेऊ नका, त्याला ते ठेवावंच लागतं.

सोलकढी बाटलीत भरून पाठवता येईल का? मागणी खूप आहे.

घरगुती पद्धतीने भरलेली सोलकढी बोटीने पाठवू नका. हे ठामपणे सांगतो आहे, कारण इथे प्रश्न चव बिघडण्याचा नाही, जिवाचा आहे.

हवाबंद अन्नात बॉट्युलिझमचं विष तयार करणारा जंतू वाढू शकतो. पीएच हे आंबटपणाचं माप, पदार्थ जितका आंबट तितका तो कमी. पीएच 4.6 च्या खाली त्याची वाढ होत नाही. कोकमाचं सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला अर्क), आंब्याचा पल्प ही सगळी नैसर्गिकरीत्या आंबट, त्यामुळे ती या रेषेच्या सुरक्षित बाजूला असतात. सोलकढीत नारळाचं दूध येतं. आगळ किती घातलं यावर पीएच ठरतो आणि हाताने केलेल्या प्रत्येक घाण्यात तो वेगळा येतो. त्यातच नारळाच्या दुधातली चरबी आणि प्रथिनं, म्हणजे उष्णतेने फाटणंही आलं. मोठे कारखाने असा पदार्थ बाटलीसकट दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करतात किंवा ॲसेप्टिक पद्धतीने (पदार्थ आणि बाटली वेगवेगळी निर्जंतुक करून) भरतात. अमेरिकेसाठी अशा कमी आंबट किंवा आंबट करून टिकवलेल्या पदार्थांना प्रत्येक आकाराच्या डब्याप्रमाणे प्रक्रियेची वेगळी नोंदणी लागते.

मागणी खरी आहे, तर तिला उत्तर म्हणून आगळ पाठवा. गिऱ्हाईक तिकडे नारळाच्या दुधाचा डबा विकत घेऊन कढी करेल. आगळाच्या बाटलीवर कृती छापा. हा माल टिकतो आणि कमी वजनात जास्त कढी पोहोचते.

लसूण घातलेली, कमी आंबट, तेलातली चटणी असेल तर तिलाही हाच नियम. पीएच मीटर घ्या, घाण्यागणिक नोंद ठेवा. केवळ जिभेच्या अंदाजावर पीएच ठरवू नका.

सरबताला थोडा खायचा रंग घातला तर चालेल का? बाजारात सगळेच घालतात.

घालू नका. भारतात चालणारे पॉन्सो 4आर आणि कार्मोइसिन हे दोन्ही लाल रंग अमेरिकेत मंजूर नाहीत. अमरंथवर तिथे 1976 पासून बंदी आहे. एरिथ्रोसिनची मंजुरीही जानेवारी 2025 मध्ये काढून घेतली, उत्पादकांना बदलासाठी 2027 पर्यंत मुदत आहे. एकदा असा माल पकडला गेला की कारखान्याचं नाव इशारा यादीत जातं आणि पुढचा प्रत्येक कंटेनर, माल कितीही चांगला असला तरी, तपासणीविना अडवून ठेवला जातो.

कोकमाचा स्वतःचा रंग सुंदर असतो. तो उजेडाने आणि उष्णतेने फिका पडतो हे खरं, पण त्यावर उपाय गडद बाटली, चांगलं खोकं आणि ताजा घाणा हा आहे.

टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरत असाल तर अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे सल्फाइटचं प्रमाण किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या वर असेल तर लेबलवर ते लिहावंच लागतं. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. सोडियम बेंझोएटच्या मर्यादा देशागणिक वेगळ्या आहेत, त्या आयातदाराकडून लेखी मागवा.

मिरची पूड आणि मसाल्याचं आणखी एक सांगायचं आहे. 2003 साली युरोपात भारतीय मिरचीत सुदान हा बंदी असलेला कृत्रिम रंग सापडला आणि 2020 साली तिळात इथिलीन ऑक्साइड या जंतू मारणाऱ्या वायूचे अंश. दोन्ही वेळी ज्यांचा काही दोष नव्हता त्यांचाही माल अडकला. कच्चा मसाला कुठून घेतला याची पावती आणि घाण्याचा क्रमांक जपून ठेवा.

लेबल इंग्रजीत छापलं की झालं ना?

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासाठी इंग्रजी पुरतं. आखाती देशांना अरबी लागतं, कॅनडाला इंग्रजीबरोबर फ्रेंचही. दुबईत तर माल निघण्याआधी उत्पादन आणि लेबल नगरपालिकेच्या प्रणालीत नोंदवावं लागतं आणि ते काम तिथला आयातदारच करू शकतो. लेबलचा मसुदा त्याच्याकडून मंजूर होऊन आल्याशिवाय छपाईला देऊ नका.

चुका कुठे होतात ते सांगतो. तारीख 05/06 अशी लिहिली तर इकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे. महिना अक्षरांत लिहा. घाण्याचा क्रमांक बाटलीवर हवा, नुसता खोक्यावर नको. ॲलर्जीकारक घटक स्पष्ट लिहा: काजू, शेंगदाणा, गहू, दूध, मोहरी. कुठला घटक कुठे सांगावा लागतो याच्या याद्या वेगळ्या आहेत. तीळ अमेरिकेच्या यादीत 1 जानेवारी 2023 पासून आला, मोहरी युरोप आणि कॅनडाच्या यादीत आहे, अमेरिकेच्या नाही. तिळाचे लाडू, चिवडा आणि काजूची उसळ एकाच जागेत होत असेल तर तेही लिहावं.

आणि औषधी दावे काढून टाका. पिढ्यान्‌पिढ्या आपण पित्तावर कोकम घेतो, पण बाटलीवर ‘पित्तनाशक’, ‘वजन घटवणारं’ असं छापलं की अमेरिकेत ते पेय राहत नाही, परवाना नसलेलं औषध ठरतं. त्याऐवजी मूळ सांगा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला 2016 मध्ये, हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती जरूर करा. परदेशातल्या दुकानात आपल्या मालाला वेगळं ठेवणारं याहून भक्कम काही नाही.

काचेची बाटली की प्लास्टिकची?

काच जड, महाग, फुटणारी. तरीही कोकम सरबत आणि आगळासाठी मी काचच सुचवतो. पेट प्लास्टिकमधून हळूहळू प्राणवायू आत जातो आणि रंग, वास उतरतो. गरम भरलेलं सरबत साध्या पेट बाटलीला सोसत नाही, ती आकसते. त्यासाठी गरम भरण्याची खास बाटली घ्यावी लागते. महिनाभरात खपणाऱ्या मालाला पेट ठीक, सहा महिने रॅकवर राहणाऱ्याला नाही.

बाटलीपेक्षा जास्त माल बुचाने घालवला आहे. आगळ आंबटही असतं आणि खारटही, साध्या पत्र्याच्या बुचाला ते आतून खातं. आतून अस्तर असलेलं बूच घ्या. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात द्रव फुगतो. भरलेल्या बाटल्या एक रात्र आडव्या टाकून बघा; सकाळी खालचा कागद डागाळला असेल तर ती बुचं परत करा.

थेट प्यायचं सरबत कॅनडाला हिवाळ्यात पाठवत असाल तर ते गोठून बाटली फुटू शकते. साखरेचा दाट अर्क सहसा गोठत नाही.

कंटेनरमध्ये असं काय होतं की घरी वर्षभर टिकणारा माल तिकडे खराब पोहोचतो?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

कंटेनर म्हणजे पत्र्याची बंद खोली. उरणच्या उन्हात यार्डात उभा असताना छताजवळची हवा 60 अंशांपर्यंत तापू शकते. बोटीवर सगळ्यात वरच्या थरात तो लागला तर रोज दुपारी तापतो, रोज रात्री निवतो. तळलेले फणसाचे गरे आणि केळ्याचे वेफर या तापण्याने खवट होतात. आंबापोळी एकमेकींना चिकटते. पल्पचा डबा नीट निर्जंतुक झाला नसेल तर फुगतो.

दुसरं संकट पाण्याचं आहे आणि ते समुद्रातून येत नाही. कोकणातली दमट हवा आपणच कंटेनरमध्ये कोंडतो. दमट खोकी, ओली लाकडी फळी, धुतलेली जमीन यांतून आणखी वाफ निघते. बोट थंड समुद्रात शिरली की छताचा पत्रा आधी गार होतो, आतली वाफ त्यावर धरते आणि थेंब थेंब मालावर पडते. वरच्या थराची खोकी भिजतात, लेबलं सुटतात, बुरशी येते. पापडाच्या पाकिटाला एवढं जरी भोक असलं तरी ते नरम पडतं. भिजलेला पुठ्ठा ताकद सोडतो, खालच्या खोक्यावर वरच्यांचा भार येतो आणि काच फुटते. म्हणजे मुंबईत न फुटलेली बाटली रॉटरडॅमला फुटते, ती धक्क्याने नाही, ओलीने.

यावर उपाय साधे आहेत, नेटाने करावे लागतात. खोकी कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवा. पाच किंवा सात पदरी पुठ्ठा घ्या, बाटल्यांमध्ये उभ्या-आडव्या पुठ्ठ्याच्या खणांची जाळी. खोकी कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचा. विटांसारखी सांधे चुकवून रचली तर ढीग हलत नाही, पण खोक्याची भार पेलण्याची ताकद घटते, कारण ती कोपऱ्यांत असते. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पट्ट्या कंटेनरच्या भिंतींना टांगा. वरच्या थरावर जाड क्राफ्ट कागद अंथरा. तळलेल्या पदार्थाच्या पाकिटात नायट्रोजन भरा. आणि फॉरवर्डरला (बोटीवर जागा घेऊन माल पाठवून देणाऱ्या मध्यस्थाला) लेखी सांगा की कंटेनर डेकखाली, उष्णतेपासून लांब लावावा. ते दर वेळी मिळेलच असं नाही, पण न मागता कधीच मिळत नाही.

माल सोसेल की नाही हे आधी बघायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यात दोन भरलेली खोकी पत्र्याच्या शेडमध्ये छपराजवळ महिनाभर ठेवा आणि त्याच घाण्यातली दोन घरात. मग शेजारी शेजारी उघडून रंग, वास, बूच, लेबल ताडून बघा. प्रयोगशाळेची चाचणी पुढे लागेलच, पण तिला पैसे घालण्याआधी या शेडमध्ये पुष्कळ काही कळतं.

पावसाळ्यात माल पाठवूच नये का?

पाठवा, पण खोकी भरणं आणि कंटेनर भरणं झाकलेल्या, कोरड्या जागेत होईल तरच. अंगणात ताडपत्री धरून भरलेला कंटेनर जूनमध्ये पाठवू नका. शक्य असेल तर कोकम आणि पल्पचा माल मेअखेर न्हावा शेवाच्या गोदामात पोहोचवून ठेवा.

पूर्ण कंटेनर भरण्याइतका माल नाही. मग?

मग एलसीएल, म्हणजे अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये. भाडं घनमीटर किंवा टन, यात जे जास्त भरेल त्यावर लागतं, आणि सहसा एक घनमीटरचं तरी द्यावंच लागतं. यात तुमचं खोकं गोदामात अनेकदा उचललं-ठेवलं जातं आणि शेजारी कोणाचा माल येईल हे तुमच्या हातात नसतं. उग्र वासाचं रसायन शेजारी आलं तर पापड तो वास धरतो. म्हणून खोकी पॅलेटवर घट्ट बांधा, प्लास्टिकने पूर्ण गुंडाळा आणि फॉरवर्डरकडे फक्त खाद्यपदार्थांच्या कंटेनरमध्ये जागा मागा.

माझं मत विचाराल तर गावातल्या चार-पाच उद्योगांनी मिळून एक 20 फुटी कंटेनर भरणं कधीही चांगलं. जड बाटल्या खाली, हलके पापड-पोहे वर, एकाच विश्वासू निर्यातदाराच्या नावावर. खर्च कमी होतो आणि कंटेनर एकदा सील झाला की तिकडेच उघडतो.

वजनाचा हिशोब आधी करा. 20 फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. दाट सरबताच्या 700 मिलीच्या 12 काचेच्या बाटल्यांचं खोकं 16 किलोच्या आसपास जातं. अशी हजार खोकी म्हणजे 16 टन. अमेरिकेत 20 फुटी कंटेनरमधला माल साधारण 17 टनांच्या वर गेला की रस्त्यावर खास चेसिस (कंटेनर वाहणारा ट्रेलरचा सांगाडा) लागते आणि तिचे पैसे आयातदार तुमच्याकडे मागतो. म्हणजे जागा उरली तरी वजन संपतं, आणि उरलेल्या जागेत पापड आणि वेफर न्यायला हरकत नसते.

1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो बोटीवर चढत नाही. काट्याची पावती जपून ठेवा.

लाकडी पॅलेटवर शिक्का लागतो म्हणतात, तो कसला?

लाकडातून कीड जाऊ नये म्हणून. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता 30 मिनिटं दिली की गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का मारतात. गावातल्या सुताराकडून केलेली फळी चालत नाही. प्लास्टिकच्या किंवा पुठ्ठ्याच्या पॅलेटला हा नियम नाही.

रिकामा कंटेनर आला की काय बघायचं?

आत जा, दरवाजे बाहेरून लावून घ्या आणि अंधारात छताकडे बघा. सुईएवढा उजेड दिसला तरी तो कंटेनर परत पाठवा. वास घ्या. जमिनीची फळी हाताने चाचपून ओल बघा, खिळे ठोकून घ्या, दरवाज्याचं रबर तपासा. फोटो काढा: रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला आणि सील नंबरासकट बंद. विमा कंपनीसमोर हेच फोटो बोलतात.

कंटेनर दारात येईल असं धरून चालू नका. महामार्गावरून ट्रेलर येतो, पण गावच्या साकवावरून आणि वळणावरून 40 फुटी ट्रेलर वळत नाही. बरेच जण छोट्या ट्रकने माल न्हावा शेवाजवळच्या गोदामात नेऊन तिथे कंटेनर भरतात. अशा वेळी आपला एक माणूस तिथे हजर हवाच, एरवी काचेची खोकी कशीही रचली जातात.

किती दिवस लागतात?

दुबईच्या जेबेल अलीला बोटीचा प्रवास आठवड्याच्या आसपास. युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला महिना ते दीड महिना धरा. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच बोटी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि दहा ते चौदा दिवस वाढले. बुकिंगच्या वेळी मार्ग विचारा.

मुदतीचा हिशोब यावरूनच होतो. बारा महिने टिकणारं सरबत घ्या. भरून निघेपर्यंत एक महिना, समुद्रात दीड, कस्टम्स आणि गोदामात एक. दुकानात पोहोचताना आठ-साडेआठ महिने उरतात. आखातातले बरेच आयातदार निम्म्याहून जास्त मुदत शिल्लक असलेलाच माल घेतात. सहा महिने टिकणारा चिवडा या हिशोबात बसवणं अवघड आहे.

दिवाळीचा फराळ अमेरिकेत वेळेवर पोहोचवायचा तर तो ऑगस्टच्या सुरुवातीला बोटीवर चढायला हवा. म्हणजे भाजणी आषाढात. ज्यांना हे जमत नाही त्यांनी तयार चकली न पाठवता भाजणीचं पीठ पाठवावं. ते टिकतं, मोडत नाही आणि तिकडच्या घरात चकलीचा घाणा होतो.

एफओबी, सीआयएफ यातलं काय घ्यावं?

एफओबीमध्ये माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम तुमची, सीआयएफमध्ये तिकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही तुम्ही भरता. नवख्याने एफओबीने सुरुवात करावी, भाड्याच्या चढउताराचं ओझं राहत नाही. जकात किती हे ज्याने त्याने आपल्या देशात बघायचं. संयुक्त अरब अमिरातीशी 1 मे 2022 पासून आणि ऑस्ट्रेलियाशी 29 डिसेंबर 2022 पासून व्यापार करार लागू आहेत. त्यांची सवलत मिळायला मूळ स्थानाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

विमा घ्यायलाच हवा का?

हो. सगळ्या जोखमी धरणारं ए कलम घ्या. स्वस्तातलं सी कलम बोट बुडणं, आग अशा मोठ्या अपघातांपुरतं असतं, फुटलेली बाटली त्यात येत नाही. पण ए कलमातही खराब पॅकिंगमुळे झालेलं नुकसान मिळत नाही. बोट संकटात सापडली आणि काही माल टाकून बाकीचा वाचवला तर ज्यांचा माल वाचला त्यांनाही वाटा द्यावा लागतो. हा समुद्री व्यापाराचा जुना नियम आहे आणि विमा नसेल तर तो वाटा खिशातून जातो.

पैसे बुडणार नाहीत ना?

पहिल्या व्यवहाराला काही रक्कम आगाऊ आणि उरलेली बिल ऑफ लेडिंगच्या (बोट कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीच्या) प्रतीवर, असं ठरवा. मूळ बिल ऑफ लेडिंग म्हणजे मालाचा ताबा. पूर्ण पैसे आल्याशिवाय ते थेट गिऱ्हाइकाला कुरिअर करू नका, बँकेमार्फत पाठवा. गिऱ्हाईक नातेवाईक असला, गावचा असला तरी हाच नियम ठेवा. उधारीवर द्यायचंच असेल तर सरकारी ईसीजीसीचा विमा आहे, तो गिऱ्हाइकाने पैसे न दिल्याच्या जोखमीसाठीच असतो.

सुके बोंबील, जवळा पाठवता येतील?

मासळीचे नियम पूर्ण वेगळे. एमपीडाची (सागरी उत्पादनांच्या निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी, निर्यात तपासणी यंत्रणेने मान्य केलेली जागा, आरोग्य प्रमाणपत्र, युरोपला तर कुठल्या बोटीने कुठे पकडली याचा दाखलाही. अंगणात वाळवलेली मासळी यात बसत नाही. मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्राशी जोडून घ्या. आणि सुकी मासळी सरबताच्या कंटेनरमध्ये कधीही नको.

करवंदाची किंवा जांभळाची वाइन?

राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी, मग बाकी सगळं. समुद्री नियमांत 24 टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेलं पेय धोकादायक मालात येत नाही, त्यामुळे वाइनला त्या बाजूने अडचण नाही. उष्णता मात्र वाइनला सरबतापेक्षा लवकर मारते; थंड कंटेनरचा दर विचारून घ्या.

तिकडे माल फुटलेला निघाला तर काय करायचं?

आयातदाराला आधीच लिहून द्या: सील तोडण्याआधी त्याचा नंबर जुळवून फोटो काढायचा, दरवाजा उघडताक्षणी फोटो काढायचा आणि ओल किंवा फूट दिसली तर माल न हलवता विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला बोलवायचं. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना बोट कंपनीला ताबा घेतल्यापासून 3 दिवसांत जावी, आणि दावा न्यायालयात न्यायचा तर सहसा वर्षाची मुदत असते. फुटलेल्या बाटल्यांच्या घाण्याचे क्रमांक मागवून घ्या. ते सगळे एकाच दिवशी भरलेले असतील तर दोष बुचात किंवा भरण्यात शोधा. विखुरलेले असतील आणि खोकी वरच्या थरातली असतील तर ओलीत.